उतरलेला खांदा

क्रेमोना, ४ नोव्हेंबर १९७४

प्रिय एर्सीलिया,

तुझा नवरा जिल्दो गेला तेव्हा मी दोन ओळींचं सांत्वनाचं कार्ड पाठवलं होतं. त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. अक्षर माझं नाही हे तुला पाकिटावरच कळलं असेल. मनगट मुरगळलंय, म्हणून मी सांगतोय आणि बिर्टे लिहितेय. बिर्टे ही डेन्मार्कची बाई. माझ्याकडे व्हायोलिन बनवायला शिकायला आली, शिकून झालं, तरी जायचं नाव घेत नाही. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं असं तिला बजावलंय, कारण तक्रार तिच्याबद्दलच आहे.

आजोबांचा साचा आठवतो ना? व्हायोलिन ज्याच्याभोवती घडवायचं तो, अक्रोडाच्या लाकडाचा, दुकानात खिडकीशेजारी टांगलेला. लहानपणी तू त्याला बाहुली समजून फडक्यात गुंडाळून फिरायचीस आणि बाबांच्या हातचा मार खायचीस. त्याचा बारीक तारेकडचा खांदा उतरलेला होता, हे तुला वेगळं सांगायला नको. आजोबांच्या हातून तो चुलीत पडला, खांदा जळला, नवा करायचा कंटाळा म्हणून त्यांनी तसाच वापरला, आणि तेव्हापासून आपल्या लोद्रीनी घराण्याचं प्रत्येक व्हायोलिन एका बाजूला किंचित कलल्यासारखं दिसतं. मिलानचे व्यापारी आतली नावाची चिठ्ठी वाचत नाहीत. खांदा बघतात आणि म्हणतात, लोद्रीनी.

माझ्या नामदिनाला, संत एवारिस्तोच्या दिवशी, मी बाहेर जेवायला गेलो होतो. परत आलो तर बाईसाहेब दारात उभ्या, हात पाठीमागे.

"मास्तर, डोळे मिटा."

मिटले. उघडले तर समोर साचा. दुरुस्त केलेला! जळका भाग पटाशीने कोरून काढला, स्वच्छ बैठक केली, अक्रोडाचा तुकडा सरसाने बसवला आणि वरून रंधा फिरवला. सांधा इतका सुंदर की नखाला लागत नाही.

"आता दोन्ही खांदे सारखे झाले," म्हणाली. भेट म्हणून!

यावर मी काय बोललो ते ती लिहायला तयार नाही.

तुकडा उपटून उपयोग नाही. तो बसवण्यासाठी तिने जुनी कड पूर्ण कापली आणि भुसा शेगडीत टाकला. वर मलाच ऐकवते की काळ्या काजळीखाली जळलेलं लाकूड नव्हतंच, कानशीच्या खुणा होत्या. म्हटलं, बाई, तू जन्मायच्या कितीतरी आधी तो जळलाय, तू मला शिकवू नकोस.

मला अजून एक व्हायोलिन करायचंय. ते शेवटचं असेल. मला मूल नाही, तुलाही नाही, म्हणजे माझ्यानंतर दारावरची पाटी उतरणार हे नक्की. पण शेवटचं व्हायोलिन तरी लोद्रीनींचं दिसायला हवं, आणि त्या खांद्याशिवाय ते कुणाचंही दिसेल. बाबांनी केलेली आणि मी केलेली सगळी विकली गेली, कुठे कुठे गेली मला माहीत नाही. घरात राहिलेलं एकच, आजोबांनी आजीसाठी केलेलं. ते तुझ्याकडे डोंगरात चीजच्या शेजारी भिंतीवर टांगलेलं आहे. ते पाठव. खांद्याचं माप घेतो, साचा पुन्हा पहिल्यासारखा करतो, आणि परत पाठवतो.

बाबांनी ते तुलाच का दिलं, याबद्दल मी आता काही बोलत नाही.

तुझा भाऊ,
एवारिस्तो


बेल्लामोंते, २२ नोव्हेंबर १९७४

प्रिय एवारिस्तो,

तुझ्या मुरगळलेल्या मनगटाने पत्र छान लिहिलंय. स्वतः लिहिलं असतंस तर मला निम्मं अंदाजाने वाचावं लागलं असतं. बिर्टेला माझा नमस्कार सांग. नाही, तीच वाचून दाखवत असेल, तेव्हा बिर्टे, नमस्कार.

व्हायोलिन चीजच्या शेजारी नाही. चीज तळघरात असतं. व्हायोलिन माझ्या पलंगाजवळ खिळ्याला असतं, चुलीपासून लांब, खिडकीपासूनही लांब. कधी वर आला असतास तर पाहिलं असतंस. माझं लग्न झालं तेव्हा तू म्हणाला होतास, लाकडाच्या गावात कशाला जातेस, लाकूड आमच्याकडे येतंच. तेव्हापासून इथलं लाकूड तुझ्याकडे येत राहिलं, तू मात्र इथे आला नाहीस. जिल्दो जंगलात तुझ्यासाठी झाडं निवडायचा. खोडाला कान लावून बोटाच्या पेराने ठोकायचा आणि म्हणायचा, "हे तुझ्या भावाला आवडेल, हट्टी आहे."

व्हायोलिन मी पाठवणार नाही. रोज संध्याकाळी मी ते वाजवते. इथे बर्फ पडायला लागलं की संध्याकाळ दुपारीच होते, शेजारची दोन्ही घरं खालच्या गावात राहायला जातात, आणि मग माझ्याशी बोलायला ते एक असतं आणि स्वयंपाकघराची खिडकी असते. खिडकीची चौकट सैल झालीय. वारा आला की रात्रभर खडखडते. जिल्दो असता तर एक पाचर ठोकून मोकळा झाला असता. मला ते जमत नाही, मी उशी कानावर घेते.

आणि बाबांनी ते मला का दिलं हे तुला चांगलं माहीत आहे. "हे वाजवणाऱ्याचं आहे, बनवणाऱ्याचं नाही," असं ते तुझ्यासमोरच म्हणाले होते. तू पटाशी आपटून बाहेर गेलास.

पण तुला फक्त मापच हवंय ना? सोबत घडी केलेला मोठा कागद आहे. तो टेबलावर पसरला, व्हायोलिन त्यावर पाठीवर निजवलं आणि कडेकडेने पेन्सिल फिरवली. खांदा त्यात आला आहे. आता कर तुझा साचा.

एर्सीलिया


क्रेमोना, १० डिसेंबर १९७४

प्रिय एर्सीलिया,

कागद मिळाला. रेघ अशी आहे की पेन्सिल दारू पिऊन चालल्यासारखी वाटते. पण ते असो. खांदा साफ चुकलाय. साच्याचा होता त्याच्या जवळजवळ दुप्पट उतरलाय. तिथे तुझी पेन्सिल आत घसरली. व्हायोलिन हललं असेल, नाहीतर तुझं लक्ष खिडकीकडे असेल.

तू म्हणशील, इतकी वर्षं तोच साचा वापरलास, मग खांदा पाठ नाही का? मलाही वाटायचं पाठ आहे. पुठ्ठ्यावर किती वेळा कापून पाहिला. दर वेळी वेगळा येतो. जी वस्तू रोज डोळ्यासमोर असते ती माणूस बघतच नाही, असं दिसतंय.

मला प्रत्यक्ष व्हायोलिनच हवंय. इथे धुकं इतकं दाट आहे की समोरचा चर्चचा मनोरा आठवडाभर दिसला नाही. दुकानात कुणी येत नाही. अशा दिवसांतच नवीन काम सुरू करायचं असतं, आणि मी साचा समोर ठेवून नुसता बसतो. तुझ्या व्हायोलिनला काही होणार नाही. मी आयुष्यात कुणाचं व्हायोलिन पाडलेलं नाही.

तुझा,
एवारिस्तो

बाई, ही ओळ मी मास्तरांना न सांगता लिहितेय. ते जेवायला घरात गेले आहेत. मनगट मुरगळलेलं नाही. त्यांचे दोन्ही हात थरथरतात, गेल्या उन्हाळ्यापासून. पटाशी आता मी धरते आणि ते माझ्या मनगटावर बोट ठेवून सांगतात, इकडे, अजून, थांब. तुम्हाला कळू नये म्हणून ते हे लपवत आहेत. साचा मी बिघडवला, माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतोय. तुमचा कागद मी काचेवर धरून उजेडात पाहिला. रेघ थरथरली आहे, पण घसरलेली कुठेच नाही. मला वाटतं, खांदा खरंच तितका उतरलेला आहे. का, ते मला समजत नाही. बिर्टे.


बेल्लामोंते, ३ मार्च १९७५

प्रिय एवारिस्तो,

मध्ये बरेच दिवस गेले. रस्ता बंद होता, आणि माझं मन तयार होत नव्हतं.

व्हायोलिन पाठवते आहे. गावातला तुल्लिओ लाकडाचा ट्रक घेऊन पुढच्या आठवड्यात खाली येतोय, तो दुकानाच्या दारात आणून देईल. मी त्याला म्हटलं, मागे ओंडक्यांत ठेवायचं नाही. तो म्हणाला, "काकू, शेजारच्या सीटवर बसवतो, पट्टा लावतो आणि वाटेत त्याच्याशी गप्पाही मारतो." तेव्हा ते नीट येईल.

मी रोज वाजवते असं लिहिलं होतं, ते खरं नाही. जिल्दो गेल्यावरच्या हिवाळ्यापासून डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. सुरुवातीला वाटलं थंडीने असेल, पण उन्हाळ्यातही मिटली नाहीत. तरी रोज संध्याकाळी मी व्हायोलिन खाली काढते, तारा सुरात लावते, गजाला राळ घासते, आणि परत टांगते. लांबून कुणी बघितलं तर वाटेल, आता वाजवणार. कुणी बघत नाही.

पण त्याआधी मी खरंच रोज वाजवत होते. जिल्दो जंगलातून आला की बूट न काढता दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "आधी ते, मग सूप." सूप कित्येकदा गार झालं.

तुझ्या मनगटाबद्दल मी काही विचारत नाही. मुरगळलं असेल.

पेटीत कापडात गुंडाळलेलं आहे ते चीज आहे, तुझ्यासाठी. आता तू चीजच्या शेजारी म्हणालास तर मला बोलायला जागा नाही.

एर्सीलिया


क्रेमोना, १४ एप्रिल १९७५

प्रिय एर्सीलिया,

आलं. पेटी उघडली तर आत तुझ्या चुलीचा धूर, चीज आणि राळ, या सगळ्यांचा मिळून एक वास. बिर्टे म्हणाली, "कुणीतरी खोलीत आल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं लाकूड आहे, माणूस नाही, काम कर. पण मलाही तसंच वाटलं होतं.

आता नीट वाच, कारण हे मला स्वतःलाच दोनदा सांगावं लागलं. व्हायोलिनच्या बाजूच्या पातळ पट्ट्या साच्याभोवती वाकवतात, म्हणजे साचा जसा तशी पट्टी. वरची आणि खालची फळी त्या पट्टीच्या जरा बाहेर येते, ती कड. तू पेन्सिल फिरवलीस ती कडेभोवती. मी माप घेतलं पट्टीचं. आणि पट्टी सरळ आहे, एर्सीलिया. दोन्ही खांदे अगदी सारखे. आजोबांनी हे व्हायोलिन केलं तेव्हा साचा जळलेला नव्हता. तो कधीच जळला नव्हता. बिर्टे म्हणाली तेच खरं, काजळीखाली कानशीच्या खुणाच असणार. हे वाक्य ती मोठ्या अक्षरात लिहितेय, मला दिसतंय.

उतरलीय ती फक्त कड. झिजून. वरचे सूर काढायला हात वर सरकतो तेव्हा वाजवणाऱ्याचा तळवा नेमका तिथे टेकतो. एका वर्षात झिजत नाही, अख्खं आयुष्य लागतं. आणि इथे दोन झिजा आहेत. आतली जुनी, काळपट, गुळगुळीत. ती आजीची. तिच्यावर दुसरी, फिकट, अजून तशी ताजी. ती तुझी. तुझी पेन्सिल घसरली नव्हती.

मला इतकी वर्षं वाटत होतं की बाबांनी ते तुला दिलं आणि ते वर डोंगरात खिळ्याला लटकून फुकट गेलं. फुकट गेलेलं व्हायोलिन असं दिसत नाही.

पण मग उतरलेला साचा आला कुठून? बाबांकडून. दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी आजीचं व्हायोलिन समोर घेतलं, झिजलेली कड बघितली, तोच आकार समजले आणि साचा तसा कापला. झीज आणि आकार यातला फरक त्यांना कळला नाही! बाबांना! मग मी त्या साच्यावर व्हायोलिनं केली, अभिमानाने केली, आणि मिलानचे व्यापारी त्या चुकीलाच लोद्रीनी म्हणत राहिले. मला आठवतं, एकदा एक व्यापारी एक व्हायोलिन घेऊन आला होता, आत बाबांची चिठ्ठी, पण खांदे सरळ. "हे बनावट आहे ना?" त्याने विचारलं. बाबांनी उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "असेल बनावट." आज कळतंय, ते त्यांचंच होतं, साचा कापायच्या आधीचं. स्वतःचं काम त्यांना ओळखता आलं नाही.

आता साचा सरळ आहे. बिर्टेने नकळत तो आजोबांचा मूळचा करून ठेवला. मला आनंद व्हायला हवा. तर मी इथे बसून शेवटचं व्हायोलिन कुठल्या खांद्याचं करू, या विचारात आहे. चुकीचा खांदा मुद्दाम करू? आणि सरळ केलं तर ते माझ्या बापाचं नाही.

एवारिस्तो


बेल्लामोंते, २९ एप्रिल १९७५

प्रिय एवारिस्तो,

बाबा चुकले नव्हते.

आजी गेली तो हिवाळा तुला आठवत असेल तर नातेवाईक आणि जेवणं आठवत असतील. तू मोठा होतास, तुला लोकांना वाढायला लावलं होतं. मी लहान, म्हणून मला दुकानात कामाच्या टेबलाखाली बसवलं होतं, लाकडाच्या कुरळ्या भुशात. बाबा आत आले. दिवा लावला नाही. आजीचं व्हायोलिन मांडीवर घेऊन बसले आणि अंगठा त्या खांद्यावरून फिरवत राहिले. खूप वेळ. मला वाटलं, पुसतायत. मग त्यांनी खिडकीजवळचा साचा काढला, कानस काढली आणि घासायला लागले.

मी खालून विचारलं, "काय करताय?"

दचकले. मी तिथे आहे हे विसरलेच होते. म्हणाले, "आजोबांचा साचा जळलाय, तेवढा साफ करतोय." आणि दिव्याच्या काचेवरची काजळी बोटाने त्यावर चोपडली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं नाही. साफ करताना काजळी का लावतात, हे आज तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

झीज आणि आकार यातला फरक बाबांना कळला नाही असं तू लिहितोस. अरे, बाबांना बोट लावून लाकडाचं वय कळायचं. त्यांना सगळं कळत होतं. त्यांना स्वतःच्या आईचा हात हवा होता. ती परत त्या खांद्यावर हात ठेवणार नव्हती, म्हणून त्यांनी तो साच्यात घेतला. आणि बाबांसारखा माणूस हे कुणाला सांगणार? आपली आई गेली त्या दिवशीही दुपारी दुकान उघडं होतं. चुलीत पडला म्हणणं त्यांना सोपं गेलं. त्या व्यापाऱ्याला "असेल बनावट" म्हणणंही. जो माणूस चुकलाय तो स्वतःचं चांगलं काम बनावट ठरवत नाही. काहीतरी झाकणारा माणूस तसं करतो.

तेव्हा तू आयुष्यभर एखाद्या चुकीची नक्कल केली नाहीस. आजीचा हात बनवत आलास. आपल्याला दोघांनाही ते माहीत नव्हतं, एवढंच.

खांदा कुठला करायचा ते तू ठरव. मला यातलं काही कळत नाही, मी फक्त वाजवत होते.

इथे बर्फ वितळतंय. खिळ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी डोळा जातो.

एर्सीलिया


क्रेमोना, १८ जून १९७५

प्रिय एर्सीलिया,

तुझं पत्र बिर्टेने वाचून दाखवलं. मध्येच थांबली. म्हटलं, वाच. म्हणाली, "थांबा की जरा, मास्तर." म्हणून थांबलो.

साचा झाला. तुझा कागद खांद्यापाशी कडेइतका आत सरकवून त्यावर चिकटवला, तोच दारुड्या रेघेचा. बिर्टेने आधी बारीक करवतीने फाक काढली आणि मग कानस धरली. मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं होतं, पण खरं तर काही सांगावं लागलं नाही. तिने रेघ सोडली नाही. थरथर होती तिथे एकदा तिने विचारलं, "इथे सरळ करू?" मी म्हटलं, तू परत सरळ करायला लागलीस तर मी तुला धुक्यात सोडून येईन. हसली. हल्ली धुकं नाही.

आजीच्या झिजेवर तुझी झीज, म्हणजे बाबांनी केला होता त्यापेक्षा हा खांदा जास्त उतरलाय. मिलानचे व्यापारी बघतील आणि म्हणतील, म्हातारा शेवटी वाहवला. म्हणू देत.

माझं व्हायोलिन पांढरंच आहे अजून, रोगण लावायचंय. गच्चीवर दोरीला टांगलंय. शेजारीण तिच्या चादरी त्याच दोरीवर वाळत घालते आणि दोन्हींना एकच वारा लागतो.

तुझं व्हायोलिन मी टेबलावर ठेवलं होतं. बिर्टेला म्हटलं, हात लावायचा नाही. लावला. तारा सुरात लावल्या, आणि वाजवलं. ती बरं वाजवते हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. या दुकानात लोक दोन सूर काढून बघतात आणि विकत घेतात, पुरं असं कुणी काही वाजवत नाही. बाबा गेल्यापासून तर नाहीच. मी गच्चीवर होतो. खाली आलो नाही.

ती शरद ऋतूत तिच्या घरी परत जाते आहे. तुल्लिओ कधी येतो? व्हायोलिन त्याच्याबरोबर पाठवतो.

एवारिस्तो


बेल्लामोंते, २ जुलै १९७५

प्रिय एवारिस्तो,

तुल्लिओला सांगितलंय, येताना रिकामा ये.

व्हायोलिन बिर्टेला दे. बाबा काय म्हणाले होते ते आपल्या दोघांनाही पाठ आहे, एकाला रागाने आणि एकीला आनंदाने. माझी बोटं मिटत नाहीत आणि तुझी थांबत नाहीत. मग ते कुणाचं? इथे आणलं तर मी रोज राळ लावून परत टांगेन. ते बरोबर नाही.

बिर्टे, तू हे वाचतेयस. नको म्हणू नकोस. आणि वाजवताना हात कुठे टेकतो ते बघत बसू नकोस, तो आपोआप टेकतो.

एवारिस्तो, ती गेल्यावर तू इथे ये. मागची खोली कोरडी आहे. बस गावापर्यंत येते.

खिळा मी काढणार नाही.

एर्सीलिया


क्रेमोना, ३० ऑक्टोबर

प्रिय एर्सीलिया,

हे माझं अक्षर. लागलं नाही तर सोडून दे.

बिर्टे गेली. स्टेशनवर रडली, मी रागावलो. साचाही तिलाच दिला. म्हणाली, भेट? म्हटलं, शिक्षा. परत दुरुस्त करू नकोस.

माझं व्हायोलिन साच्याच्या जागी टांगलंय. विकणार नाही. पाटी अजून आहे. कोण येणार बघायला.

वर येणं होणार नाही. डॉक्टर नको म्हणतो. मीही. कप धरता येत नाही, अनोळखी बसमध्ये ते नको.

सोबत अक्रोडाची फाक. साच्यातून कापली ती. बिर्टेने लावलेलं लाकूड, तुझ्या रेघेच्या बाहेरचं. शेगडीत टाकणार होतो. एका टोकाला जाड, एकाला पातळ. पाचर होईल. खिडकीला लाव. जाड टोक वर.

धुकं आलंय.

एवारिस्तो


बेल्लामोंते, १६ नोव्हेंबर १९७५

प्रिय एवारिस्तो,

सगळं लागलं. एक शब्द लागला नाही, "अनोळखी" होता, तो शेवटी खिडकीशी नेऊन वाचला.

बिर्टेचं पत्र आलं. तिच्या गावात समुद्राकडून ओला वारा येतो, तारा सारख्या उतरतात, तरी ती रोज वाजवते. सरस मऊ होईल की काय याची तिला भीती वाटते. तिला लिही, तुला माहीत असेल काय करायचं. चार ओळी लिही, तुझ्या हाताने. अक्षर ती लावून घेईल.

तू येणार नाहीस हे मला जुलैतच कळलं होतं. खोली मी तरी झाडून ठेवलीय. ती झाडून ठेवायची सवय मला आधीपासून आहे, तुझ्यासाठी म्हणून वेगळं काही केलेलं नाही.

शेजारचे गेल्या आठवड्यात खाली गेले. तुल्लिओ आता मार्चमध्ये येईल.

पाचर लावली. जाड टोक वर, तू सांगितलंस तशी. दगडाने दोन ठोके दिले आणि इतकी घट्ट बसली की जणू त्याच जागेसाठी कापली होती. त्या रात्री जोराचा वारा होता. खिडकी हललीसुद्धा नाही. मी उशी कानावर न घेता झोपले, आणि तुला मनातल्या मनात शाबासकी दिली.

असे आठ-दहा दिवस गेले. घर अगदी शांत झालं. मग काल संध्याकाळी मी नेहमीच्या वेळेला पलंगाशी गेले, खिळ्याकडे हात नेला, परत आले, टेबलाशी बसले. चूल विझत आली होती. बाहेर वारा होता, दिसत होता, ऐकू येत नव्हता.

म्हणून मी उठले आणि पाचर काढली. कपाटात, जिल्दोच्या चष्म्याशेजारी ठेवलीय, तुझी भेट आहे, हरवणार नाही. खिडकी आता पहिल्यासारखी खडखडते आहे. हे पत्र मी तिच्याजवळच बसून लिहितेय.

तुझी,
एर्सीलिया